डोमकळी

शहादा तालुक्यात आमची 4 एकर काळी जमीन आहे. 2017 साली बोंडअळीने राज्यभर कापूस खाल्ला, त्यात आमचाही गेला. वरून बोंडे चांगली दिसत. फोडली की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. बियाणे बीटी असूनही.

चूक आमचीही होती. जास्तीच्या चार पैशांसाठी आम्ही मार्चपर्यंत फरदड ठेवायचो. अळीला खायला मिळाले की महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी तयार होते. शेवटची पिढी सरकीत झोपून पावसाची वाट पाहते.

तिचा भुरकट पतंग बोटाच्या पेराहून लहान. रात्री उडतो, म्हणून कधी दिसलाच नव्हता. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाने फसलेले नर पाहिले, तेव्हा ओळख पटली. मग फज्रनंतर आम्ही डोमकळ्या, म्हणजे अळीने पाकळ्या शिवलेली फुले, खुडायचो आणि अम्मी त्या पुरायची.

डिसेंबरअखेर कपाशी उपटायची ठरली. झाडांवर कैऱ्या होत्या. अब्बा बांधावर गप्प उभे राहिले. मग बिस्मिल्लाह म्हणून पहिले झाड त्यांनीच उपटले.

यंदा शेजारच्या शेतात फरदड हिरवीगार आहे. पतंगाला बांध कळत नाही. आज असरनंतर अब्बांसोबत आम्ही तिकडेच बोलायला निघालो आहोत.