एडी बिडु

माझं आजोळ भालकी तालुक्यात, कारंजा नदीच्या काठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा गळाला गांडूळ लावून मासे धरी. खेकड्यांसाठी दोरीला कोंबडीचं आतडं बांधून कपारीशी सोडी. शेजारच्या मळ्यातले कानडी काका सोबतीला असत. खेकडा वर आला की ते आधी पोटाखालची झडप पाहत. तिथं अंडी किंवा पिल्लं दिसली की म्हणत, ‘एडी बिडु.’ एडी म्हणजे खेकडा, बिडु म्हणजे सोड. मला आधी वाटलं, मलाच येडं म्हणताहेत!

एका दुपारी मी आणि मामेभावानं आटलेल्या डोहात चुना कालवला. घटकाभरात बोटाएवढी पिल्लंसुद्धा उलटी तरंगू लागली. मामानं मारलं नाही. सगळे मासे आम्हांलाच वेचून पुरायला लावले. काका दोन दिवस म्हशी लांबच्या विहिरीवर नेत होते; मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच फार लागलं.

चुना, विष वा सुरुंगानं मासे मारणं हा गुन्हा, असं इंग्रजांच्या 1897च्या कायद्यात होतं; दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. निजामाच्या मुलखात जन्मलेल्या मामाला तो कुठून ठाऊक असणार? कर्नाटकाचा अंतर्देशीय मत्स्य कायदा तर 1996चा.

परवा पावसाळ्याच्या तोंडावर नातवाला त्याच काठावर नेलं. त्याच्या दोरीला खेकडी लागली, झडपेखाली पिल्लं वळवळत होती.

“आजोबा, हिचं काय करू?”

माझ्या तोंडून कानडीच आलं.