गढूळ पाझर

आयोवातल्या आमच्या गावाची वस्ती जेमतेम नऊशे. गावाचं सांडपाणी शेतांपलीकडच्या उथळ तळ्यांत जातं; ऊन, वारा आणि जिवाणू ते शुद्ध करतात. यंत्रं जवळजवळ नाहीत, म्हणून स्वस्त. आणि म्हणूनच तिकडे कुणी फिरकत नाही.

मी फिरकते. धरण म्हणावं असं काही नाही, दीड पुरुष उंचीचा मातीचा बांध. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आईचं शनिवार पेठेतलं घर गेलं. मातीच्या बांधाकडे आमच्यात कुणी सहज बघत नाही.

बांधावर झाडं माजलीत. सावली छान, पण मूळ कुजलं की पोकळी राहते, पाण्याला वाट मिळते. मस्करॅट, म्हणजे आपल्या घुशीचा पाणथळ भाऊबंद, पाण्याच्या रेषेशी बिळं करतो. पायथ्याशी नितळ पाझर असला तर एक वेळ ठीक, त्यावर लक्ष ठेवायचं. गढूळ झाला की समजावं, बांधाची माती आतून वाहून चाललीय. गेल्या आठवड्यात तो गढूळ दिसला. खाली ओढा, ओढ्याकाठी दोन घरांच्या विहिरी.

गावच्या सभेत सांगितलं. "पुढच्या अंदाजपत्रकात बघू." दिवसभर शेतात राबून आलेली माणसं, रागवायचं तरी किती? राज्याच्या धरण विभागाला मीच पत्र टाकलंय. तोवर रोज सकाळी काचेच्या बाटलीत पाझर भरते आणि उन्हात धरून बघते.