माढ्याच्या माळावरील डाळिंबे

पुणे-सोलापूर महामार्ग टेंभुर्णीपाशी सोडून कुर्डुवाडीकडे वळले, की माढा तालुक्याची दोन रूपे दिसू लागतात. एकीकडे उजनीच्या पाण्यावर पोसलेला ऊस व केळी. दुसरीकडे मुरमाड माळ आणि त्यावर डाळिंबाच्या बागा. भीमेवरील उजनी धरण याच तालुक्यात १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी; तरीही प्रत्येक शेताला पाणी मिळतेच असे नाही. बार्शीमार्गे कुंथलगिरीच्या दर्शनास जाणारी अनेक कुटुंबे या वाटेने जातात. माळापाशी थांबणारी थोडीच.

पौषातील एका दुपारी पुण्याचे एक व्यापारी गृहस्थ लेस्टरहून आलेल्या बालमित्रासह तेथे थांबले. बागेची मालकीण रस्त्याकडेला क्रेट मांडून बसली होती. पाहुण्यांनी भाव विचारला आणि जुन्या सवयीने तो पाडून मागितला. ऊन भरपूर, जमीन घरची. मग फळ इतके महाग का, हा त्यांचा प्रश्न होता. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी दोघांना बागेत नेले.

हे फळ मृग बहाराचे होते. या बहारासाठी भर उन्हाळ्यात महिना-दीड महिना बागेचे पाणी तोडतात. पाने गळतात, झाड वाळल्यासारखे दिसते. मग छाटणी होते, खत पडते आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा पाणी सुरू होते. तेव्हा कळी लागते. फुलापासून फळ उतरेपर्यंत सुमारे सहा महिने जातात. तोवर मजुरी, फवारणी, खत हा सारा खर्च आधी करावा लागतो. पाण्यात अनियमितपणा आला तर फळ तडकते. दमट हवेत तेल्या पसरला तर बागच उपटावी लागते. बाईंची पहिली बाग अशीच गेली होती. ही दुसरी.

“पाणी तोडल्याबिगर कळी न्हाई, दादा,” त्या म्हणाल्या. “पर किती तोडायचं, ते चुकलं की झाडच जातं.”

सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या नावाचा मान अखेर टिकतो तो अशा क्रेटच्या तळाशी. बाईंनी तडकलेली फळे बाजूला काढली होती. वरचे व तळचे फळ एकाच प्रतीचे होते. भांडवल सहा महिने अडकणे म्हणजे काय, हे दोन्ही मित्रांना वेगळे सांगावे लागले नाही. पाहुण्यांनी सांगितलेला भाव दिला.

निवड कशी करावी, हेही बाईंनीच दाखविले. पिकलेले डाळिंब गरगरीत गोल राहत नाही. अंगाने किंचित कोनदार होते आणि हातात जड लागते. तडकलेली फळे टिकत नाहीत, म्हणून त्यांतील चार त्यांनी तशीच हातावर ठेवली. सूर्यास्ताला अद्याप अवकाश होता. दोघांनी बांधावर बसून ती तेथेच सोलली.