गोष्ट तिची, आडोसाही तिचा

"वहिनी, तुम्हाला गोष्टीतले प्रसंग सुचतात तरी कुठून?" असं बायका विचारतात. मैत्रिणींनो, औरादसारख्या सीमेवरच्या गावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. भाजीवाली कन्नडात भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं आणि शेवटी दोघी दखनीत हसतात. झाला की प्रसंग!

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. मागचं आवरलं की मी वही काढते आणि दिवसातली एकच गोष्ट टिपते. कोण काय बोललं आणि बोलताना तिचे हात काय करत होते. यंदाही माहेरी धाडलं नाही, हे सांगताना बाई सुपातल्या डाळीतले खडे वेचत असते, एकही सुटत नाही. मी तिचे अश्रू लिहीत नाही, खडे लिहिते.

पण ओसरीवर मन मोकळं केलेल्या बाईला उद्या आपलंच घर छापलेलं दिसलं, तर ती पुन्हा कुणापाशी बोलेल का? मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं ते 'विभावरी शिरूरकर' या नावाआडून. लिहिणारीला आडोसा लागतो, तर जिच्यावर लिहायचं तिला नको का? म्हणून मी नाव, नातं, गल्ली, सगळं बदलते. खडे तेवढे ठेवते. डाळ कुणाच्याही घरात निवडली तरी खडे निघतातच. आज तुम्हीही एक ओळ लिहून बघा.