लावणीतली ‘मी’

शिरूरला कॉलेजात कथा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: “सर, निवेदक खोटं बोलतोय हे कळायचं कसं?” पुस्तकी उत्तर माझ्याकडे होतं. पटणारं उत्तर मिळालं चौफुल्याला.

शिरूरहून न्हावरे, केडगाव करत सोलापूर रस्त्याला लागलं, की दौंड तालुक्यातला चौफुला येतो. तिथल्या कला केंद्रांत संगीत बारी चालते. मी गेलो होतो तो लावणीच्या अभ्यासासाठी. तसं मला लवकर परतायचं होतं, पण गाडी मित्राची होती. बारीत वग नाही, सोंगाड्या नाही. पेटी, तबला आणि समोर गाणारी बाई. नायिका सख्याला बजावत होती, की तू आलास काय नि न आलास काय, मला सारखंच. पहिल्यांदा गायली तेव्हा मान ताठ होती. तीच ओळ फिरून आली तेव्हा नजर दाराकडे गेली. पुढच्या वेळी तिने नुसता पदर सावरला आणि बैठकीतून दाद आली. शब्द तेच होते, अदा त्यांना खोटं पाडत होती.

या नायिका घडवल्या मात्र पुरुषांनी. उत्तर पेशवाईतला परशराम शिंपी, होनाजी गवळी, तर जेजुरीचा सगनभाऊ शिकलगार. पुरुषाने कल्पिलेला विरह बाई पुरुषांसमोर, पोटासाठी गाते. त्यातली ‘मी’ नेमकी कोण? मला तरी शाहिराच्या नायिकेपेक्षा गाणारीच जास्त जाणती वाटली.

त्यानंतर वर्गात बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घेतली. 1963च्या त्याच नावाच्या संग्रहातली ही कथा. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला निवेदक डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. भोवतालच्यांपासून चोरलेलं सत्य वाचकापुढे मात्र तो उघडं करतो. त्याच्या खोट्याचा जाब विचारायचा तो समाजाला. म्हणून खोटं पकडलं की काम संपत नाही. ते कुणाशी आणि कशापायी, हे बघावं लागतं.

कागदावर अदा नसते. तिथे पदर सावरण्याचं काम एखादा नको इतका तपशील करतो. “निवेदक न विचारता खुलासे देऊ लागला, की कान टवकारा,” मी वर्गाला सांगितलं आणि उदाहरण म्हणून चौफुल्याची बैठक वर्णन केली, अभ्यास, मित्र, गाडी सगळ्यासकट.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, गाडीचं आम्ही विचारलंच नव्हतं.”