शाळेच्या अंगणातील झाड

पेण सोडून गाडी नागोठण्यावरून रोह्याकडे निघाली, की श्रावणात डोळ्यांस हिरव्यावाचून दुसरा रंग दिसत नाही. गेल्या वर्षी पुतण्यासह या वाटेने जाताना एका शाळेचे आवार दृष्टीस पडले. कुंपणालगत नुकतीच लावलेली रोपे वाऱ्याने डुलत होती. मुलगा हर्षला, माझ्या मनापुढे मात्र वैशाख उभा राहिला.

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळ्यात शाळांतून रोपे लावण्याचा प्रघात पडला. कोकणच्या पावसात रोप हां हां म्हणता मूळ धरते. परंतु दसरा-दिवाळीनंतर आभाळ कोरडे, आणि ऐन उन्हाळ्यात शाळेस कुलूप! मी लहानपणी ज्या शाळेत शिकलो, तेथे दरवर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागत.

वास्तविक जगलेले झाड म्हणजे बिनपगारी गुरुजीच होय. काठी उभी रोवून तिची सावली मोजावी, त्याच वेळी झाडाची मोजावी. त्रैराशिकाने झाडाची उंची निघते. सातविणीच्या झुबक्यातील पाने मोजली, तर ती नेहमी सातच भरत नाहीत. नावावर विसंबू नये, हा धडा तेथे मिळतो. उंबराचे कोवळे फळ चिरले, म्हणजे दडलेली बारीक फुले दिसतात आणि त्यांसाठी आत शिरणाऱ्या चिमुकल्या कीटकाची गोष्ट सांगता येते.

याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. हाताने काम करता करता विद्या यावी, या विचाराची जी योजना १९३७ साली वर्ध्यास आखली गेली, तिच्या समितीत ते होते. रोप लावणे हे घटकेचे काम. ते जगविणे हे वर्षांचे, आणि शिक्षण खरे त्यातच आहे.

रोह्यास उतरून आम्ही कुंडलिकेच्या काठी आलो. पाणी दुथडी भरून चालले होते. ते पाहता पाहता पुतण्याने विचारले, “काका, सुटीत त्या रोपांना पाणी कोण घालतं?”

मला उत्तर सुचले नाही. शाळेजवळ राहणाऱ्या घरांनी सुटीत पाळी वाटून घेतली, एकेका मुलाने दिवसाआड एक कळशी नेली, तर ते उत्तर आपोआप मिळेल. आपल्या घरात मुलांची वाण नाही. कळशीची तर नाहीच नाही.