गाडी लावण्याची विद्या

मराठीत आपण दिवा लावतो, रोप लावतो, मुलांना वळण लावतो आणि गाडीही लावतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी त्या क्रियापदात काळजीचा अर्थ भरलेला आहे. चौथ्या ठिकाणी तो बहुधा विसरला जातो. वास्तविक आमचा हा टापू म्हणजे मोटारींचे माहेरघरच होय. पिंपरीस टाटांचा कारखाना. चाकणास महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे. परंतु ज्या मुलखात मोटारी जन्मास येतात, त्याच मुलखात त्या नीट उभ्या करण्याची विद्या फार थोड्यांनी आत्मसात केली आहे, असे गल्लोगल्ली हिंडताना वाटल्यावाचून राहत नाही.

आम्हांस या विद्येची गरज एका प्रसंगाने पटली. निगडीतील आमच्या गल्लीत एके सायंकाळी एका वृद्ध गृहस्थांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका त्वरेने आली खरी, परंतु दोन मोटारी तिरप्या उभ्या असल्यामुळे तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबावे लागले. अखेर चौघांनी त्या गृहस्थांस खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत उचलून नेले. दैवकृपेने ते वाचले. त्या मोटारींच्या मालकांनी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. त्यांनी केवळ गाडी सोडून दिली होती, लावली नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही मोटार-प्रशिक्षणशाळेत नाव घातले आणि दोन गाड्यांच्या मधोमध, पदपथाला समांतर अशी गाडी लावण्याचा धडा मुद्दाम मागून घेतला.

आमचे गुरू पंचविशीतील तरुण होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “सर, आधी गाडीच्या मागून एक फेरी मारून या, मगच बसा.” कारण विचारता त्यांनी एवढेच सांगितले, “मागच्या काचेच्या खाली काय आहे, ते आत बसून दिसत नाही. लहान मूल तिथेच बसलेले असते.” त्या दिवसापासून ती फेरी आमच्याकडून कधी चुकली नाही.

पुढचा पाठ निव्वळ भूमितीचा होता. गाडीच्या लांबीच्या साधारण दीडपट जागा हवी. म्हणजे चार मीटर लांबीच्या गाडीस सुमारे ६ मीटर. पुढील गाडीच्या शेजारी दोन फूट अंतर राखून, दोहोंची मागील टोके एका रेषेत येतील असे थांबावे. मग मागे पाहत, क्लचवर गाडी सावकाश सोडीत, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवावे. पदपथाशी ४५ अंशांचा कोन झाला की ते सरळ करून थोडे मागे यावे. आणि आपला पुढील डावा कोपरा पुढच्या गाडीपासून सुटताच ते पूर्ण उजवीकडे वळवावे. गाडी आपोआप रांगेत येऊन बसते.

हे सारे उलटेच का करावयाचे? वळणारी चाके पुढची असतात, म्हणून. तोंड पुढे करून शिरल्यास तोंड तेवढे आत जाते व शेपूट रस्त्यावर राहते. मागे येताना न वळणारी चाके प्रथम जागेवर बसतात आणि वळणारे तोंड सर्वांत शेवटी आत येते. वळताना आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, ही युक्तीदेखील भूमितीचीच. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नामक गाडीकाराने ती घोडागाडीसाठी शोधिली आणि १८१८ साली लंडनमध्ये रूडॉल्फ आकरमान याने तिचे पेटंट घेतले. भूमितीच्या तासास जांभया देणाऱ्या बालमित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

या धड्यात घाई मुळीच चालत नाही. मागील मोटारवाले कर्णे वाजवितात, आपले हात घामेजतात. तरीही जो हळू जातो तोच एका प्रयत्नात आत येतो. आम्हांस हे साधावयास तीन आठवडे लागले. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, गाडीतून उतरल्यावर मागे वळून पाहण्याची सवय जडली: शेजारच्याचे दार उघडेल ना? कोणाचे फाटक तर अडले नाही ना? मोठे वाहन येथून जाईल ना? गाडी चालविताना आपण आपल्या कामास जात असतो. ती लावताना मात्र प्रश्न सर्वस्वी दुसऱ्यांच्या वाटेचा असतो.

विद्यार्थी मित्रहो, मोटार चालविण्याचा परवाना कायद्याने १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही, आणि पालकांनीही त्यापूर्वी मुलांच्या हाती किल्ली देऊ नये. परंतु ही विद्या शिकण्यास तितके थांबण्याचे कारण नाही. उद्या शाळेत आल्यावर सायकल भिंतीला टेकवून पळू नका. ती रांगेत सरळ उभी करा, आणि आपल्याआधी घरी जाणाऱ्यास त्याची सायकल सहज काढता येईल ना, एवढे पाहून मग वर्गात जा.